टेस्टिंगच्या रकान्यात अडकलेली १४ कार्डं

पत्र असं आहे:

“मी एका सॉफ्टवेअर टीममध्ये टेस्टर आहे. सहा डेव्हलपर आणि आम्ही दोन टेस्टर. आधी दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरीव हप्ते, असायचे. पहिले सात-आठ दिवस आमच्याकडे तपासायला फारसं काही नसायचं आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या स्टोऱ्या, म्हणजे वापरकर्त्याला हव्या असलेल्या एकेका गोष्टीची कामं, एकदम येऊन पडायच्या. निम्म्या पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या जायच्या. म्हणून आम्ही ही स्प्रिंटची पद्धत, म्हणजे स्क्रम, सोडून कानबान घेतलं; त्यात प्रत्येक कामाचं कार्ड बोर्डवर एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकतं. आज बोर्डवर ‘डेव्हलपमेंट’मध्ये ११ कार्डं आहेत आणि ‘टेस्टिंग’मध्ये १४. आठवड्याला साधारण पाच कार्डं ‘डन’मध्ये जातात, पण अलीकडे टेस्टिंगमध्ये सहा-सात नवी येतात. रोजच्या छोट्या बैठकीत, स्टँड-अपला, एकच प्रश्न असतो, ‘टेस्टिंग अजून का झालं नाही?’ मॅनेजर म्हणतात, तिसरा टेस्टर घेऊ. सीनियर डेव्हलपर म्हणतात, टेस्टिंगचं वेगळं चक्र करा, ते डेव्हलपमेंटच्या एक पाऊल मागे चालू द्या. शिवाय तीन महिन्यांत सगळं ऑटोमेट करा, म्हणजे तपासण्या प्रोग्रॅमकडून करून घ्या, असं मला सांगितलंय, आणि मला कोडिंग बेताचंच येतं. यातलं मी काय मागावं? की टेस्टिंगच सोडावं?”

तुमच्यासमोर तीन सूचना आल्या आहेत आणि तिन्ही टेस्टरबद्दल आहेत. टेस्टर वाढवा, टेस्टरना मागे ठेवा, टेस्टरकडून ऑटोमेशन करून घ्या. सहा डेव्हलपरांनी काही वेगळं करावं असं कुणीच सुचवलेलं नाही. माझ्या मते खरा उपाय तिथेच आहे. म्हणून तुम्ही एकच गोष्ट मागा: डेव्हलपमेंट आणि टेस्टिंग धरून एका वेळी किती कार्डं उघडी असावीत याला एक मर्यादा घाला, आणि ती भरली की नवं कार्ड कुणी उचलायचं नाही, सगळ्यांनी मिळून अडकलेली कार्डं पार करायची. बाकीच्या बऱ्याच गोष्टी यातूनच सुटत जातात. ज्या सुटत नाहीत त्या निदान लख्ख दिसू लागतात.

आधी तुमचेच आकडे घेऊ. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांविषयीचा एक नियम सिद्ध करून दाखवला. आपल्या कामापुरतं त्याचं रूप अगदी सोपं आहे: चालू असलेल्या कामांची संख्या भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारा वेळ. तुमच्याकडे ११ आणि १४ मिळून २५ कार्डं उघडी आहेत आणि आठवड्याला पाच पूर्ण होतात. म्हणजे एका कार्डाला सरासरी पाच आठवडे. आणि हा हिशेब आवक-जावक सारखी असते तेव्हाचा. तुमच्याकडे आवक जास्त आहे, त्यामुळे आज आत आलेल्या कार्डाला पाचाहूनही जास्त आठवडे लागतील. आता कुणाचाही वेग न वाढवता फक्त उघडी कार्डं दहावर आणा. तोच भागाकार दोन आठवडे दाखवतो.

हा भागाकार मॅनेजरना दाखवा. तुम्ही दोघं रात्री जागून आठवड्याला पाचाऐवजी सहा कार्डं तपासू लागलात, तरी २५ भागिले सहा म्हणजे चार आठवड्यांच्या वरच. तुमच्या कष्टांनी जेवढा फरक पडेल त्याच्या कितीतरी पट फरक सुरुवातीला कमी कामं उघडण्याने पडतो. ‘टेस्टिंग अजून का झालं नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी ‘आपण एवढी कामं सुरू का केली’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कानबान घेऊनही काही बदललं नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. बहुतेक टीम कानबानचा बोर्ड घेतात आणि मर्यादा मागे ठेवतात. टोयोटामध्ये ताइइची ओनो यांनी ही पद्धत घडवली तेव्हा तिथलं कार्ड ही एक मागणी होती. पुढच्या टप्प्यावर माल लागला की कार्ड मागे जायचं, आणि ते आल्याशिवाय मागचा टप्पा नवं काही बनवायचा नाही. २०००च्या दशकात डेव्हिड अँडरसन यांनी हीच कल्पना सॉफ्टवेअरच्या कामात आणली, तेव्हाही चालू कामावरची मर्यादा हा तिचा गाभा होता. तुमच्या बोर्डवर उलटं घडतंय. डेव्हलपरचं काम संपलं की तो कार्ड टेस्टिंगमध्ये ढकलतो, तुम्हाला सवड आहे की नाही हे बघावं लागत नाही, आणि तो लगेच पुढचं उचलतो. त्याच्या दृष्टीने त्याचं काम झालं. कार्ड मात्र कुठेच पोचलेलं नाही.

म्हणून पहिला बदल बोर्डवरच करा. ‘डेव्हलपमेंट’ रकान्याचे दोन भाग पाडा, ‘चालू’ आणि ‘झालं’. डेव्हलपरने संपवलेलं कार्ड ‘झालं’मध्ये थांबेल आणि तिथून ते तुम्ही उचलाल, तुम्हाला सवड झाल्यावर. ‘झालं’मध्ये थांबलेलं कार्ड मोजायचं मात्र डेव्हलपमेंटच्याच मर्यादेत. सगळी खुबी या एका नियमात आहे. समजा डेव्हलपमेंटची मर्यादा सहा आणि टेस्टिंगची चार ठेवली, मिळून दहा. ‘झालं’मध्ये तीन कार्डं पडून असतील तर डेव्हलपमेंटमध्ये फक्त तीनच चालू राहू शकतात. उरलेल्या डेव्हलपरांना नवं कार्ड उचलायला जागाच नाही. मग ते साहजिकच विचारतील, ही तीन पुढे का सरकत नाहीत? इतके दिवस तो प्रश्न एकट्या तुमचा होता, आता तो आठ जणांचा होतो.

२५वरून दहावर एका दिवसात येता येणार नाही, तसा हट्टही धरू नका. आजपासून नवं कार्ड उघडायचं नाही, आहेत ती १८ होईपर्यंत. मग १८वर काही दिवस स्थिरावून १४, मग दहा. दहा हा आकडाही मी उदाहरणादाखल धरलाय. कुणाचं काम अडलं नाही आणि कुठे ढीगही लागला नाही असा आकडा तुमची टीम करून बघूनच ठरवेल. तातडीच्या कामासाठी, म्हणजे वापरकर्त्यांना आत्ता त्रास होतोय अशा बगसाठी, मर्यादेबाहेरची एकच जागा राखून ठेवा. एकच. त्या जागेवर नेहमीच कुणी ना कुणी बसलेलं दिसू लागलं तर ‘तातडीचं’ कशाला म्हणायचं यावर टीमने बोलायला हवं.

इथे डेव्हलपर विचारतील, मग आम्ही रिकामे बसायचं का? खरं तर त्यांच्यासाठी भरपूर काम आहे. दुसऱ्या डेव्हलपरचं कार्ड तपासता येतं (स्वतःचं नको, कारण लिहिताना जे सुचलं नाही ते तपासतानाही सुचत नाही). तुमच्या शेजारी बसून एखादं अवघड कार्ड जोडीने तपासता येतं. टेस्ट डेटा तयार करायला तुमचा अर्धा दिवस जात असेल तर त्याची स्क्रिप्ट लिहिता येते. टेस्ट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे तपासणीसाठीची वेगळी यंत्रणा, सतत बंद पडत असेल तर ते नीट उभं करता येतं. थांबलेले कोड रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचून बघणं, करता येतात. राहून गेलेल्या युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक छोटा तुकडा तपासणारे प्रोग्रॅम, लिहिता येतात. माझा अनुभव असा की टेस्टिंगच्या रांगेचं निम्मं कारण या असल्याच गोष्टींत दडलेलं असतं. बिल्ड (तपासायला तयार केलेली आवृत्ती) मिळत नाही, लॉगिन चालत नाही, डेटा नाही. टेस्टर एकटा होता तोवर या अडचणी कुणाला दिसत नव्हत्या. डेव्हलपर स्वतः त्यात दोन दिवस अडकला की तिसऱ्या दिवशी त्या दुरुस्त होतात.

मॅनेजरची काळजी वेगळी असते. पगारी माणूस रिकामा दिसला की त्यांना तोटा दिसतो. त्यांच्यासाठी रांगांच्याच गणितातली आणखी एक गोष्ट सांगते. काम अनियमित येत असेल, प्रत्येक कामाला लागणारा वेळ कमी-जास्त असेल आणि काम करणारा एकच असेल, तर सर्वात साध्या गणितानुसार तो ८० टक्के व्यग्र असताना एखाद्या कामाला रांगेत सरासरी चार कामांच्या वेळेइतकं थांबावं लागतं. ९० टक्के व्यग्र असताना नऊ कामांइतकं, ९५ टक्क्यांना १९ कामांइतकं. तुमच्या टीमला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण आलेखाचा आकार तोच राहतो. माणसं काठोकाठ भरली की कामं थांबून राहतात. माणसं व्यग्र ठेवायची की कामं पुढे सरकवायची, यातलं एक निवडावं लागतं. ग्राहकाला तर तयार झालेलंच काम वापरता येतं. डेव्हलपरांचं मूल्यमापन ‘किती स्टोऱ्या टेस्टिंगला दिल्या’ यावर होत असेल तर तेही इथेच बोलून घ्या. ते माप बदललं नाही तर मर्यादा चार दिवस टिकेल आणि मग कुणीतरी ‘फक्त या वेळी’ म्हणून ती ओलांडेल.

तिसऱ्या टेस्टरबद्दल थोडक्यात. सहा डेव्हलपरांमागे दोन टेस्टर कमी की पुरेसे, हे सांगणारा कुठलाही ठरीव आकडा नाही. मर्यादा लावल्यावर, डेव्हलपर मदतीला आल्यावर आणि अडथळे काढल्यावरही तपासणीच्या कौशल्याचीच कमतरता जाणवत राहिली, तर जरूर घ्या. आज घेतलात तर रांग काही आठवडे आखडेल, डेव्हलपर त्या जागेत आणखी कार्डं ढकलतील आणि तुम्ही तिघं मिळून तोच प्रश्न ऐकाल.

वेगळ्या चक्राच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. सीनियर डेव्हलपरांचा हेतू चांगला असेल, पण हे करणं म्हणजे ज्यातून बाहेर पडायला टीमने अ‍ॅजाइल (थोडं थोडं करून, तपासत पुढे जाण्याची रीत; स्क्रम आणि कानबान त्यातलेच) घेतलं तिथेच परत जाणं. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी मोठी सॉफ्टवेअर कशी बांधावीत यावर एक निबंध लिहिला. एकामागून एक टप्प्यांची जी आकृती पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणून प्रसिद्ध झाली ती त्यातलीच. पण त्याच निबंधात त्यांनी लिहिलंय की अशी मांडणी जोखमीची आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारी आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि तोवर कागदावर विचार केलेल्या गोष्टींचा प्रत्यक्ष अनुभव तिथे पहिल्यांदा येतो. पन्नासहून जास्त वर्षं झाली, ते कारण अजून तसंच लागू आहे. तुम्ही एक चक्र मागे चाललात तर तुम्हाला सापडलेला बग डेव्हलपरकडे दोन-तीन आठवड्यांनी पोचेल. तोवर तो दुसऱ्याच कोडमध्ये बुडालेला असेल, त्या चुकीवर आणखी चार गोष्टी उभ्या राहिलेल्या असतील, आणि तुमचा बग त्याला नव्या कामातला अडथळा वाटेल. तुम्ही स्क्रममध्ये परत गेलात तरी हेच लागू आहे. स्क्रम गाइडच्या २०२०च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की स्क्रम टीममध्ये उप-टीम नसतात. ‘डन’ची व्याख्या पूर्ण होत नाही तोवर ते काम झालेलंच नसतं. तपासलेलं नसेल तर ‘डेव्हलपमेंट झालं’ या म्हणण्याला तिथे काही किंमत नाही.

आता कोड लिहिण्याआधीच्या वेळेकडे येते. टेस्टरचा सर्वात मोलाचा वेळ मला हा वाटतो. पहिले सात-आठ दिवस आमच्याकडे तपासायला काही नसायचं असं तुम्ही लिहिलंय. तपासायला होतंच की, फक्त ते अजून कोडमध्ये उतरलेलं नव्हतं.

समजा कार्ड असं आहे: ‘ग्राहकाला ऑर्डर रद्द करता यावी.’ डेव्हलपर बटण देतो, स्थिती बदलतो, पैसे परत करण्याची विनंती पाठवतो. तीन दिवसांचं काम. मग कार्ड तुमच्याकडे येतं आणि तुम्ही विचारता, ऑर्डरमधल्या तीन वस्तूंपैकी एक आधीच रवाना झाली असेल तर? सवलतीचं कुपन वापरलं असेल तर ते ग्राहकाला परत मिळणार का? निम्मे पैसे वॉलेटमधून आणि निम्मे कार्डाने दिले असतील तर परतावा कुठे जायचा? ग्राहकाने ‘रद्द’ दाबलं त्याच क्षणी गोदामातून ‘रवाना’ अशी नोंद झाली तर कुणाचं खरं धरायचं? प्रश्न चारही रास्त आहेत, पण या वेळी विचारले की ते बग ठरतात. कार्ड मागे जातं, प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारे, दोन दिवसांनी उत्तर देतात, डेव्हलपर रचना बदलतो, तुम्ही पुन्हा सगळं तपासता. हेच प्रश्न कार्ड उघडण्याआधी विचारले असते तर अर्ध्या तासाचं बोलणं पुरलं असतं.

ते बोलणं नेमाने करा. प्रॉडक्ट ओनर, ते काम करणारा डेव्हलपर आणि तुम्ही, असे तिघं. या तिघांच्या बैठकीला या क्षेत्रात ‘थ्री अमिगोज’ म्हणतात. बोलणं भरकटू नये म्हणून मॅट विन यांनी मांडलेली ‘एक्झाम्पल मॅपिंग’ची रीत मला फार आवडते. पिवळ्या चिठ्ठीवर स्टोरी. तिच्याखाली निळ्या चिठ्ठ्यांवर नियम, उदाहरणार्थ ‘रवाना झालेली वस्तू रद्द होत नाही’. प्रत्येक नियमाखाली हिरव्या चिठ्ठ्यांवर उदाहरणं: ‘तीन वस्तू, एक रवाना, ग्राहक रद्द करतो, दोन वस्तूंचे पैसे परत.’ आणि ज्याचं उत्तर खोलीतल्या कुणालाच माहीत नाही तो प्रश्न लाल चिठ्ठीवर. पंचवीसेक मिनिटांत आटपायचं. लाल चिठ्ठ्यांचा ढीग झाला तर कार्ड अजून उघडायच्या लायकीचं नाही. निळ्या चिठ्ठ्यांची रांग लागली तर कार्ड फार मोठं आहे, त्याचे तुकडे करा: आधी काहीच रवाना न झालेली ऑर्डर रद्द करणं, मग अर्धवट रवाना झालेली, मग कुपन. छोटी कार्डं हा तुमच्या रांगेवरचा दुसरा मोठा उपाय आहे. तीन आठवड्यांचं कार्ड टेस्टिंगमध्ये शेवटच्या दोन दिवसांतच येणार. दोन-तीन दिवसांची कार्डं पहिल्या आठवड्यापासून येत राहतात.

आणि हिरव्या चिठ्ठ्या म्हणजेच तुमच्या टेस्ट. त्या डेव्हलपरच्या हातात कोड लिहिण्याआधी पडतात. कुठल्या उदाहरणांवर आपलं काम पारखलं जाणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल तर तो ती उदाहरणं स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कार्ड ‘झालं’मध्ये टाकणार नाही. निदान टाकताना त्याला संकोच वाटेल.

बगची नोंद हा किरकोळ वाटणारा विषय आहे, पण त्यावरून टीममध्ये बरीच कटुता येते. चालू कार्डात सापडलेल्या बगचं वेगळं तिकीट काढू नका. कार्ड आहे तिथेच ठेवा, त्यावर लाल खूण करा आणि उठून त्या डेव्हलपरशी बोला. तो हातातलं काम जवळच्या थांब्यावर आणून आधी हे बघेल, असा टीमचा उघड लिहिलेला नियम असू द्या. कार्ड मागच्या रकान्यात नेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, मला ती पटत नाही. त्यामुळे टेस्टिंगमध्ये जागा मोकळी झाल्याचा भास होतो आणि तिथे नवं कार्ड येऊन बसतं. प्रत्यक्ष वापरात सापडलेल्या जुन्या बगला मात्र स्वतःचं कार्ड हवं, आणि तेही मर्यादेत मोजलेलं.

ऑटोमेशनकडे वळते. ‘तीन महिन्यांत सगळं ऑटोमेट करा’ हे उद्दिष्ट स्वीकारू नका. नकार देताना पर्याय द्या. पर्याय असा: आजपासून उघडणाऱ्या प्रत्येक कार्डाच्या ऑटोमेटेड टेस्ट त्याच कार्डात लिहिल्या जातील, त्या झाल्याशिवाय कार्ड ‘डन’ नाही, आणि त्यातल्या बहुतेक डेव्हलपर लिहितील. माइक कोन यांनी २००९ साली टेस्ट पिरॅमिडची कल्पना लोकांपुढे आणली. तळाशी भरपूर युनिट टेस्ट, मध्ये सर्व्हिसच्या म्हणजे एपीआयच्या (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या दुव्याच्या) पातळीवरच्या टेस्ट, टोकाला स्क्रीनवरून चालणाऱ्या मोजक्या. ‘सगळं ऑटोमेट करा’ हे काम एकट्या टेस्टरवर सोपवलं की हा पिरॅमिड उलटा होतो, कारण टेस्टरच्या हाताशी फक्त स्क्रीन असते. परताव्याची रक्कम बरोबर येते का, हे तपासायला ब्राउझर उघडून लॉगिन करून वस्तू निवडून ऑर्डर देऊन मग ती रद्द करणारी टेस्ट लिहिली, तर ती मिनिटभर चालेल आणि बटणाची जागा बदलली की पडेल. तीच गोष्ट युनिट टेस्टमध्ये डोळ्यांची पापणी लवायच्या आत तपासून होते, आणि कुपनाच्या २० शक्यता घातल्या तरी वेळ फारसा वाढत नाही. स्क्रीनवरून एकच प्रवास ठेवा: ऑर्डर दिली, रद्द केली, ग्राहकाला योग्य संदेश दिसला. तेवढं बस.

स्क्रीनवरच्या टेस्टची आणखी एक अडचण म्हणजे कधी पास, कधी फेल. कोड तोच, निकाल वेगळा. इंग्रजीत ज्यांना ‘फ्लेकी’ म्हणतात त्या या टेस्ट. गूगलने २०१६ साली स्वतःचे आकडे जाहीर केले होते: त्यांच्याकडच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही प्रमाणात ही लहर होती. एवढी साधनं हाताशी असलेल्या कंपनीची ही गत असेल तर आपण या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू शकत नाही. लहरी टेस्ट सापडली की त्याच दिवशी मुख्य पाइपलाइनमधून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्टच्या साखळीतून, बाजूला काढा, तिचं कार्ड करा, दुरुस्त करा किंवा टाकून द्या. ‘पुन्हा चालव, होईल पास’ ही सवय एकदा लागली की खरा बग दाखवणारी लाल खूणही कुणी बघत नाही. अशा वेळी टीमकडे ऑटोमेशन नावापुरतं उरतं.

जुन्या फीचरचं काय, असं मॅनेजर विचारतील. रिलीजआधी जे हाताने पुन्हा पुन्हा तपासावं लागतं त्याची यादी काढा आणि दोनच गोष्टी बघा: हे मोडलं तर वापरकर्त्याचं किती नुकसान होईल, आणि हे याआधी किती वेळा मोडलंय. दोन्हींत वर असलेल्या गोष्टी आधी घ्या, आठवड्याला एक-दोन, साध्या कार्डांसारख्या, मर्यादेत मोजून. यादीच्या तळाशी असलेल्या काही गोष्टी तपासायचं बंदच करा. हे ऐकायला धाडसाचं वाटतं, पण तो निर्णय टीमने उघडपणे घ्यावा. नाहीतर वेळ कमी पडला की तुम्ही मनातल्या मनात तो घेता आणि चुकलात तर एकट्या सापडता.

लोड टेस्टिंग, सिक्युरिटी तपासणी यांसारख्या गोष्टी प्रत्येक कार्डात बसत नाहीत. त्यांना त्यांचं वेळापत्रक द्या. वैद्यकीय उपकरणं किंवा विमानांच्या सॉफ्टवेअरसारख्या क्षेत्रांत नियमांनुसार स्वतंत्र तपासणी लागते, तिथे ती करावीच लागणार. पण ती कार्डातल्या टेस्टिंगच्या भरीला असते, त्याच्या जागी नसते.

मग टेस्टरकडे उरतं काय? जे मशीनला येत नाही ते. सेम केनर यांनी १९८०च्या दशकात ‘एक्स्प्लोरेटरी टेस्टिंग’ हे नाव रूढ केलं. एका तपासणीत जे कळलं त्यावरून पुढची तपासणी ठरवत जायचं. याला कुणी वाटेल तसं क्लिक करत बसणं समजू नये. जेम्स आणि जोनाथन बाख या भावांनी २००० साली त्याला शिस्त दिली: दीड तासाच्या आसपासचं अखंड सत्र, सुरुवातीला एका ओळीचा उद्देश, शेवटी काय पाहिलं आणि काय राहिलं याची छोटी नोंद. ‘नेटवर्क मध्येच तुटलं तर ऑर्डर रद्द होण्याचं काय होतं ते धुंडाळणं’ हा असा एक उद्देश झाला. दोन मोबाइल घेऊन एकाच खात्यातून एकदम रद्द करून बघा. परताव्याची विनंती गेली पण उत्तर आलंच नाही अशी स्थिती उभी करा. तयार स्क्रिप्ट या वाटांनी जात नाही, कारण त्या वाटा आहेत हेच कुणाला आधी ठाऊक नसतं. ठरलेल्या तपासण्या मशीनवर सोपवल्यात की तुमच्याकडे या सत्रांसाठी वेळ येतो. तुमच्या टीमला तुमची सर्वात जास्त गरज इथे आहे, आणि आज नेमकं हेच तुम्हाला करता येत नाहीये.

हे सगळं टीमपुढे मांडायचं कसं? वाद घालून नको. दोन आठवडे प्रत्येक कार्डावर तीन तारखा लिहा: टेस्टिंगमध्ये आलं कधी, तुम्ही प्रत्यक्ष हात लावला कधी, झालं कधी. मधे डेटासाठी, बिल्डसाठी किंवा उत्तरासाठी थांबावं लागलं तर तेही टिपा. माझी खात्री आहे की थांबण्याचे दिवस तपासण्याच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त निघतील. त्या नोंदी रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघण्याच्या टीमच्या बैठकीत, ठेवा आणि महिनाभर मर्यादा लावून बघू या म्हणा. कायमचा बदल मागितला की माणसं आपापली बाजू सावरून बसतात. महिन्याचा प्रयोग मागितला तर बहुतेक वेळा हो म्हणतात. स्टँड-अपची रीतही बदलून घ्या. माणसामागून माणूस बोलत जाण्याऐवजी बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा, ‘डन’च्या सर्वात जवळचं कार्ड आधी. प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न: हे पुढे सरकायला आज कोण काय करू शकतं? यात टेस्टरला वेगळं काढून जाब विचारायला जागाच राहत नाही. आणि तरीही कुणी तुम्हाला ‘टेस्टिंग अजून का झालं नाही’ असं विचारलंच, तर शांतपणे विचारा, “या १४पैकी कुठलं आधी हवंय आणि माझ्याबरोबर कोण बसतंय?”

आता तुमचा शेवटचा प्रश्न. टेस्टिंग सोडू नका. ‘रवाना झालं आणि त्याच क्षणी रद्द केलं तर?’ असं ज्याच्या मनात येतं ते माणूस टीमला सहजी मिळत नाही. कोडिंग मात्र थोडं शिका, नोकरी टिकवायला म्हणून नव्हे, स्वतःच्या सोयीसाठी. एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेने, सुरुवात करा, म्हणजे स्क्रीनवर न दिसणारी नोंद तुम्हाला स्वतः बघता येईल. मग एपीआयला थेट विनंती पाठवून उत्तर वाचायला शिका. त्यानंतर डेव्हलपरने लिहिलेल्या युनिट टेस्ट नुसत्या वाचा. त्या लिहिता आल्या नाहीत तरी चालेल, पण वाचता आल्या की कुठलं उदाहरण राहून गेलंय ते तुम्ही पहिल्याच दिवशी दाखवू शकाल. मर्यादा भरल्यामुळे एखादा डेव्हलपर मोकळा असेल तेव्हा त्याच्या शेजारी बसून हे शिका, आणि त्याच कार्डावर तो तुमच्याकडून तपासायला शिकू दे.